वायुवाहिनी : पोलाद सोपे, विश्वास अवघड

हिंगोली जिल्ह्यात फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास हळदीची काढणी सुरू झाली, की शिवाराशिवारांतून वाफेचे आणि धुराचे लोट उठू लागतात. वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव या तालुक्यांत जमिनीतून काढलेले ओले कंद कुकरमध्ये शिजवले जातात, मग ते उन्हात वाळवून ढोलात घोळून चकचकीत केले जातात. कुकरखाली जळते ते लाकूडफाटा आणि शेतातील काडीकचरा. याच जिल्ह्याच्या उत्तरेला, शेजारच्या वाशिम जिल्ह्यातून, समृद्धी महामार्गाच्या कडेने नैसर्गिक वायूची एक वाहिनी जमिनीखालून गेली आहे. 'गेल' या सार्वजनिक कंपनीच्या मुंबई-नागपूर-झारसुगुडा प्रकल्पाचा तो भाग आहे. हिंगोलीला ती स्पर्श करीत नाही; पण मराठवाडा आणि विदर्भाच्या अंतर्भागात इतक्या जवळून मुख्य वायुवाहिनी जाते, ही घटनाच नवी आहे.

या वाहिनीला येणारा वायू देशातील विहिरींतून निघालेला असो वा जहाजांतून आलेला, परदेशातून तो भूमार्गाने आलेला नाही. वास्तविक गेल्या तीन-साडेतीन दशकांत इराण, तुर्कमेनिस्तान आणि म्यानमार या तीन दिशांनी भारतात वायुवाहिनी आणण्याच्या योजना आखल्या गेल्या. परिषदा झाल्या, करारांवर स्वाक्षऱ्या झाल्या, एका वाहिनीचे भूमिपूजनही झाले. तरीही यांपैकी कोणत्याही मार्गाने भारतात एक घनमीटर वायूही पोहोचलेला नाही. असे का व्हावे? तंत्रज्ञान कमी पडले, की पैसा? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले, की ते शेवटी शेताच्या बांधापाशी येऊन पोहोचते.

वाहिनीच का हवी?

स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये प्रामुख्याने प्रोपेन व ब्युटेन हे वायू असतात. साध्या तापमानालाही थोडा दाब दिला की ते द्रवरूप होतात, म्हणून लोखंडी टाकीत भरून खेड्यापाड्यांत नेता येतात. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. साध्या तापमानाला कितीही दाब दिला तरी तो द्रवरूप होत नाही. त्यासाठी त्याला उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे लागते. तसे केल्यास त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते आणि तो खास बांधणीच्या जहाजांतून नेता येतो. मात्र द्रवीकरणाचा कारखाना, शीतजहाजे आणि उतरवण्याच्या बंदरावर पुन्हा वायुरूप देणारा प्रकल्प, असा हा तिहेरी खर्च असतो. म्हणूनच विक्रेता व ग्राहक एकाच भूखंडावर, दोन-तीन हजार किलोमीटरच्या अंतरात असतील, तर जमिनीखालची पोलादी नळी सामान्यतः स्वस्त पडते.

नळी कशी टाकतात?

अशा वाहिनीचे बांधकाम ऐकायला साधे वाटते. प्रथम मार्गाचे सर्वेक्षण होते. मग वीस-तीस मीटर रुंदीचा पट्टा मोकळा करून चर खणला जातो. चराच्या काठावर सुमारे बारा मीटर लांबीच्या नळ्या ओळीने मांडून जोडल्या जातात, प्रत्येक जोड क्ष-किरणांनी किंवा ध्वनिलहरींनी तपासला जातो आणि मग ही लांबलचक माळ यंत्रांच्या साह्याने चरात उतरवली जाते. नळीवर किमान मीटरभर माती यावी लागते. तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत या नियोजित वाहिनीची लांबी १,८१४ किलोमीटर आहे. बारा मीटरच्या हिशेबाने केवळ तिच्यासाठी सुमारे दीड लाख नळ्या आणि जवळजवळ तितकेच जोड लागतील. त्यांतील एकही कच्चा राहून चालत नाही, कारण आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभरपटींच्या आसपास असू शकतो.

वाटेत नदी आली, की तिच्या पात्राखालून आडवे छिद्र पाडून नळी पलीकडे ओढली जाते. मराठवाड्यासारख्या काळ्या कसदार मातीच्या प्रदेशात वेगळीच अडचण असते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ओल्या दिवसांत चराच्या कडा ढासळतात. म्हणून कामाचा खरा हंगाम दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंतचा. वाहिनी पुरून झाल्यावर तिच्यात पाणी भरून चालू दाबापेक्षा अधिक दाबाने तिची परीक्षा घेतली जाते. गंज लागू नये म्हणून नळीवर प्लास्टिकचे लेपन असते आणि सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडूनही तिचे रक्षण केले जाते. पुढे वेळोवेळी नळीच्या आतून एक तपासणी यंत्र पाठवून भिंतीची जाडी मोजली जाते. या क्षेत्रात त्याला 'पिग' म्हणतात.

वायू मात्र आपोआप पुढे जात नाही. नळीच्या भिंतींशी होणाऱ्या घर्षणाने दाब घटत जातो, त्यामुळे साधारण शंभर-दीडशे किलोमीटरवर दाब वाढवणारी केंद्रे उभारावी लागतात. ठिकठिकाणी झडपा असतात. गळती झाल्यास तेवढाच भाग बंद करता येतो. ही काळजी किती आवश्यक आहे, हे २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील पूर्व गोदावरी जिल्ह्यात दिसले. नगरम गावात गेलच्या वाहिनीतून गळती होऊन भडका उडाला आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

तात्पर्य, हे काम जोखमीचे व खर्चिक असले, तरी त्याचे शास्त्र अवगत आहे. भारतातच हजिरा-विजयपूर-जगदीशपूर ही लांब पल्ल्याची वाहिनी १९८० च्या दशकात उभी राहिली. ज्यासाठी १९८४ मध्ये 'गेल'ची स्थापना झाली, तो हा पहिला मोठा प्रकल्प. सीमा ओलांडताच मात्र या कामाचे स्वरूप पालटते.

कागदावरची दुसरी वाहिनी

पोलादी नळीच्या आधी करारांची एक वाहिनी टाकावी लागते. सरकारासरकारांमधील करार, प्रत्येक देशाने आपल्या हद्दीतील कर, सुरक्षा व जमीन यांविषयी दिलेली हमी, वायूच्या खरेदीविक्रीचा करार आणि वाटेतील देशांना द्यायचे पारगमन शुल्क, असे तिचे टप्पे असतात. खरेदीविक्रीचा करार बहुधा वीस ते तीस वर्षांचा असतो. त्यात 'घ्या, अथवा पैसे द्या' अशी अट असते. ठरलेला वायू ग्राहकाने उचलला नाही, तरी त्याला मोल मोजावे लागते. कारण उघड आहे. तेलाचे जहाज एका बंदरातून दुसरीकडे वळवता येते. पुरलेली नळी उचलून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे नेता येत नाही. एकदा ती टाकली, की विक्रेता, ग्राहक आणि मधले सारे एकमेकांशी पिढीभरासाठी बांधले जातात.

यातील सर्वांत नाजूक दुवा मधल्या देशाचा. त्याला झडप बंद करता येते. जानेवारी २००६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २००९ मध्ये रशिया व युक्रेन यांच्यातील किमतीच्या वादात युरोपीय देशांचा पुरवठा विस्कळीत झाला. दुसऱ्या वेळी तर ऐन कडाक्याच्या थंडीत तो सुमारे दोन आठवडे बंद होता. अल्जीरियाने मोरोक्कोशी बिनसल्यावर ऑक्टोबर २०२१ अखेर मोरोक्कोमार्गे स्पेनला जाणाऱ्या वाहिनीतून वायू सोडणे थांबवले. बाल्टिक समुद्रातील नॉर्ड स्ट्रीम वाहिन्या सप्टेंबर २०२२ मध्ये स्फोटांनी फुटल्या. सुस्थितीतील पोलादही राजकारणापुढे कसे निरुपयोगी ठरते, याची ही उदाहरणे.

तीन वाटा, तिन्ही अडलेल्या

भारताच्या वाट्याला आलेला अनुभव याहून वेगळा नाही. इराणच्या दक्षिण पार्स क्षेत्रातील वायू पाकिस्तानमार्गे भारतात आणण्याची कल्पना १९८९ मध्ये पुढे आली. डॉ. राजेंद्र पचौरी आणि इराणचे अली शम्स अर्देकानी हे तिचे पुरस्कर्ते. 'शांतता वाहिनी' असे तिचे कौतुकाने नामकरणही झाले. मात्र वायूचा भाव, पाकिस्तानला द्यायचे शुल्क, सुरक्षेची हमी आणि अमेरिकेची नाराजी या चार खडकांवर ती आदळत राहिली. २००९ च्या सुमारास भारत या बोलण्यांतून दूर झाला. मार्च २०१३ मध्ये इराण व पाकिस्तानच्या अध्यक्षांनी सीमेवर पाकिस्तानी टप्प्याचा शुभारंभ केला. निर्बंधांच्या धास्तीने तो टप्पाही रखडला.

पूर्वेकडची कहाणी अधिक बोलकी आहे. म्यानमारच्या किनाऱ्यालगतच्या 'श्वे' वायुक्षेत्रात ओएनजीसी विदेश आणि गेल या भारतीय कंपन्यांचीच भागीदारी होती. हा वायू बांगलादेशमार्गे भारतात आणण्यासाठी जानेवारी २००५ मध्ये यांगून येथे तिन्ही देशांच्या मंत्र्यांनी संयुक्त निवेदन काढले. बांगलादेशाने त्या बदल्यात नेपाळ व भूतानशी भारतीय भूमीवरून व्यापाराचा मार्ग, तेथील जलविद्युत आणि व्यापारी तूट कमी करण्याचे उपाय मागितले. या मागण्यांवर एकमत झाले नाही. अखेर तो वायू चीनने घेतला आणि २०१३ मध्ये वाहिनीने तो चीनकडे वाहू लागला. ज्या क्षेत्रात भारताचा पैसा गुंतला होता, तेथील वायू भारतात येऊ शकला नाही.

तिसरी वाट तुर्कमेनिस्तानची. तेथील गाल्किनिश क्षेत्रातून निघून हेरात, कंदाहार, क्वेट्टा, मुलतान अशा मार्गाने पंजाबातील फाजिल्का येथे ही वाहिनी भारताला भेटणार होती. १९९० च्या दशकात युनोकल या अमेरिकी कंपनीने अफगाणिस्तान व पाकिस्तानपुरती ही योजना हाती घेतली आणि १९९८ मध्ये ती सोडून दिली. आशियाई विकास बँकेच्या पाठबळाने तिचे पुनरुज्जीवन झाले, २००८ मध्ये भारत सहभागी झाला. ११ डिसेंबर २०१० रोजी अश्गाबात येथे झालेल्या आंतरसरकारी करारावर भारताच्या वतीने मुंबईचे नेते व तत्कालीन पेट्रोलियममंत्री मुरली देवरा यांनी स्वाक्षरी केली. १३ डिसेंबर २०१५ रोजी मारी शहराजवळ कामाचा प्रारंभ झाला, तेव्हा तत्कालीन उपराष्ट्रपती हमीद अन्सारी उपस्थित होते. वर्षाला ३३ अब्ज घनमीटर वायू, त्यातील ४२ टक्के भारताला, ४२ टक्के पाकिस्तानला आणि १६ टक्के अफगाणिस्तानला, अशी ती वाटणी. फेब्रुवारी २०१८ मध्ये अफगाण टप्प्याचा समारंभ झाला, ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधील राजवट बदलली. सप्टेंबर २०२४ मध्ये हेरातच्या दिशेने अफगाण हद्दीतील काम सुरू झाले. हेरातपासून फाजिल्कापर्यंतचे अंतर मात्र केवळ किलोमीटरांत मोजण्याजोगे नाही.

हाच वायू चीनला कसा पोहोचला?

येथे एक तुलना उद्बोधक ठरावी. त्याच तुर्कमेनिस्तानातून उझबेकिस्तान व कझाकस्तान ओलांडून चीनच्या सीमेपर्यंत जाणारी वाहिनी डिसेंबर २००९ मध्ये सुरू झाली. तिची लांबी सुमारे १,८३० किलोमीटर, म्हणजे फाजिल्काच्या वाहिनीइतकीच. प्रत्यक्ष बांधकामाला अडीच वर्षांच्या आत-बाहेर वेळ लागला. पुढे तिच्या शेजारी आणखी दोन समांतर वाहिन्या टाकल्या गेल्या.

चीनकडे भांडवल होते आणि वाटेत युद्धक्षेत्र नव्हते, ही कारणे खरीच. परंतु रचनेतील एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. चीनने चौघांना एकाच टेबलाशी बसवून एकच करार करण्याचा आग्रह धरला नाही. उझबेकिस्तान आणि कझाकस्तान यांच्यासह प्रत्येकी निम्म्या भागीदारीची स्वतंत्र कंपनी स्थापन केली. पुढे या दोन्ही देशांनी स्वतःचा वायूही याच वाहिनीतून चीनला विकला. त्यामुळे झडप बंद केली, तर मधल्या देशाचेच उत्पन्न बुडते. पारगमन शुल्क घेणारा पहारेकरी आणि मालकीत वाटा असलेला भागीदार, यांच्या वागण्यात जो फरक पडतो, तो येथे पडला. बांगलादेशाच्या २००५ मधील मागण्यांकडे या दृष्टीने पाहिले, तर त्या केवळ आडमुठेपणाच्या वाटत नाहीत. आपल्या भूमीवरून जाणाऱ्या गोष्टीत आपलाही वाटा असावा, एवढेच तो देश सांगत होता.

जहाजाचा मार्ग

भूमार्ग बंद राहिल्याने भारताने समुद्र जवळ केला. २००४ मध्ये गुजरातमधील दहेज येथे कतारहून द्रवरूप वायूची आयात सुरू झाली. २०१३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळचा प्रकल्पही कार्यान्वित झाला. आज देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा आयात होतो आणि तो सारा जहाजांतूनच येतो. यात विक्रेता बदलण्याचे स्वातंत्र्य आहे. तथापि हा मार्गही निर्धोक नाही. कतारचे प्रत्येक जहाज होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतूनच बाहेर पडते. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर जागतिक भाव भडकले, तेव्हा ठरलेली काही जहाजे भारताकडे आलीच नाहीत. देशाच्या ऊर्जावापरात नैसर्गिक वायूचा वाटा १५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे. प्रत्यक्षात तो सहा-सात टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो, त्यामागे भाव आणि पुरवठा यांची ही अनिश्चितताही आहे.

बांधावरचा प्रश्न

बंदरावर उतरलेला वायू अंतर्भागात न्यायचा, तर पुन्हा वाहिनीच हवी. तेथे देशांच्या जागी शेतकरी उभे असतात. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांविषयीच्या कायद्यानुसार सरकार शेतजमीन विकत घेत नाही, तर जमिनीखालील वापराचा हक्क घेते. अधिसूचना निघाल्यावर हरकत घेण्यास २१ दिवसांची मुदत असते. पिकाचे व अन्य नुकसान भरून दिले जाते आणि त्याशिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम एकदाच मिळते. मालकी शेतकऱ्याचीच राहते, तो त्या पट्ट्यावर पीकही घेऊ शकतो; मात्र तेथे घर बांधता येत नाही, विहीर वा तळे खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. हे बंधन वाहिनी आहे तोवर कायम राहते.

हिंगोलीच्या हळद उत्पादकाच्या दृष्टीने हा हिशेब मांडून पाहावा. हळद जूनच्या सुमारास लावतात आणि नऊ महिन्यांनी काढतात. वाहिनीचे काम ज्या कोरड्या महिन्यांत करावे लागते, नेमके त्याच काळात शेतात हे पीक उभे असते. वरची कसदार माती वेगळी ठेवून पुन्हा वरच पसरली नाही, तर त्या पट्ट्याचा कस पुढील काही हंगाम घटतो. ज्या भागात विहिरीवर शेती उभी असते, तेथे विहीर खोदण्यास मनाई ही लहानसहान अट नव्हे. आणि एवढे सोसून ज्याच्या शेताखालून वायू जातो, त्याच्या घरी तो मिळेलच, अशी तरतूद या कायद्यात नाही.

मुंबई-नागपूर वाहिनीने हा प्रश्न टाळला, तो समृद्धी महामार्गाच्या कडेला मिळालेल्या चिंचोळ्या पट्ट्याचा उपयोग करून. रस्त्यासाठी जमीन आधीच घेतलेली असल्याने शेतोशेती नव्याने हक्क मिळवण्याची गरज पुष्कळशी उरली नाही. ही सोय सर्वत्र मिळेलच असे नाही. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या मूळ आखणीत हिंगोली जिल्हाही आला, तेव्हा मराठवाड्यात ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी भूसंपादनास विरोध केला. जमिनीच्या प्रश्नावर येथील मन किती हळवे आहे, हे त्यातून दिसले.

पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या बाराव्या निविदा फेरीनंतर देशाच्या मुख्य भूमीचा जवळजवळ सर्व भाग नागरी वायुवितरणाच्या नकाशावर आला आहे. मुख्य वाहिनीवरून शाखा निघते, शहराच्या वेशीवरील केंद्रात वायूचा दाब उतरवला जातो, गळती कळावी म्हणून गंधहीन वायूला उग्र वास दिला जातो आणि मग तो बारीक नळ्यांतून घरे, उपाहारगृहे व कारखान्यांकडे जातो. शेतातल्या हळदीच्या कुकरपर्यंत हा नळ येणे दूरची गोष्ट आहे. मात्र वसमत वा हिंगोलीच्या प्रक्रिया उद्योगांपर्यंत तो यावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. त्या शाखा कोणाच्या तरी शेतातूनच येतील.

आशियातील वाहिन्यांचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरू शकेल. जेथे मधल्याला नुसते शुल्क देऊ केले गेले, तेथे वर्षानुवर्षे वाटाघाटीच चालल्या. जेथे त्याला लाभात वाटा मिळाला, तेथे वायू वाहू लागला. दहा टक्क्यांचा एकरकमी मोबदला हे शुल्क आहे, वाटा नव्हे. वार्षिक भाडे, वाटेवरील गावांना जोडणीत अग्रक्रम, मातीच्या पुनर्भरणाची लेखी हमी, यांपैकी काही ना काही त्यात जोडता येणे अशक्य नाही. वाशिमहून दक्षिणेकडे येणारी शाखा कधी ना कधी पैनगंगा-कयाधूच्या खोऱ्यांत शिरेल. नदीखालून नळी कशी न्यायची, हे अभियंत्यांना ठाऊक आहे. बांधावरून ती कशी न्यायची, हे मात्र अजून ठरवायचे आहे.